ऑलिव्हचे ब्रेक

१२ एप्रिल, शनिवार

थंडी सरल्यावर आज पहिल्यांदा माझी शर्यतीची गाडी, ऑलिव्ह, चालू केली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि शेजारच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे निमूटपणे आत नेले. बाईंना एव्हाना सवय झाली आहे.

यंदा माझं एकच मागणं आहे. सप्टेंबरात स्नेटर्टनच्या ट्रॅकवर मोसमाची शेवटची शर्यत असते, त्यात एकदा तरी टेरी मॅलेटच्या पुढे यायचं. टेरी नळकाम करतो, वजनाने माझ्या दीडपट आहे, आणि तरी दर वर्षी माझ्यापुढे एक गाडी. फार नाही, एकच. ते जास्त झोंबतं.

ब्रायनी नॉर्विचहून आली होती. पोरीने मला न सांगता रेसिंगचं लायसन्स काढलं आहे. म्हणाली, "बाबा, एक चक्कर मारू दे ना."

मी म्हटलं, सीट माझ्या पाठीची आहे. आणि ते खोटं नाही. कचऱ्याच्या पिशवीत फोम ओतायचा, त्यावर बसायचं आणि तो फुगून घट्ट होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही, अशी या गाड्यांची सीट घडते. त्यात दुसरं कोणी बसलं की माझा कणा त्याच्या बरगड्यांत घुसतो.

"मग माझ्यासाठी दुसरी ओत."

"आणि मी काय बॉनेटवर बसू?"

ती पाय आपटत वर गेली, तिच्या जुन्या खोलीत. तिथे तिने तीन पडदे, स्टिअरिंग आणि पेडलं लावून खोटी गाडी उभी केली आहे. तिला ती सिम म्हणते. मी खेळणं म्हणतो. हिवाळ्यात मीही बसतो तिच्यावर, पण ते वेगळं.

ज्या दिवशी मला चालवता येणार नाही त्या दिवशी ऑलिव्ह विकायची, हे मी घरात केव्हाच सांगून ठेवलं आहे. गॅरेजात चादर पांघरून पडलेली गाडी मला बघवणार नाही.

३ मे, शनिवार

स्नेटर्टनला सराव. वैताग.

विल्सनच्या वळणाला ब्रेक दाबला आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी थिजली. धूर, घसरण, आणि मी सरळ गवतात. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. टायर एका बाजूने घासून असा चपटा झाला की परत येताना दातांची कवळी हलली.

पेडल मेलं आहे. ऑलिव्हचं पेडल बोलायचं. चाक अडकायच्या बेतात आलं की तळव्याला आधी कळायचं, मग पाय केसभर उचलायचा, की झालं. आता ते एक अक्षर बोलत नाही.

टेरी चहाचा मग घेऊन बघायला आला. "काय रे डेस, नाचता येईना अंगण वाकडं?"

"ब्रेकमध्ये हवा शिरलीय."

"हवा डोक्यात शिरते लेका, ब्रेकमध्ये नंतर," असं म्हणून त्याने माझ्या डब्यातलं शेवटचं सॉसेज उचललं.

बिघाड शोधणं मला कोणी शिकवायला नको. साखर कारखान्यात उभा जन्म फिटर होतो. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो: दोन पंपांत एकच बिघाड दिसला तर पंपांचा नाद सोडा, दोन्हींना जोडलेलं काय आहे ते आधी बघा. अर्धी पोरं तरी ऐकायची.

११ मे, रविवार

ब्रेकमधली हवा काढली. हे एकट्याचं काम नाही, त्यामुळे बायकोला, ग्लेंडाला, चर्चहून आल्या आल्या तशीच गाडीत बसवली. मी चाकाशी पाना घेऊन आणि ती पेडलवर. "दाब. धरून ठेव. सोड." तेल स्वच्छ आलं. बुडबुडा औषधालाही नाही.

"पेडल तर दगडासारखं घट्ट आहे रे," ती आतून म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पाय आहे ना मला."

चांगल्या चपलांना तेल लागलं म्हणून संध्याकाळभर फुरंगटून होती. त्यात दवाखान्यातून फोन आला. साखरवाल्यांच्या, म्हणजे आम्हा मधुमेहींच्या, पायांची वार्षिक तपासणी गुरुवारी आहे म्हणे. गुरुवारी नवे ब्रेक पॅड यायचे आहेत. पुढे ढकला म्हणून सांगितलं.

"मागच्या वर्षीही ढकललीस," ग्लेंडा म्हणाली.

"मागच्या वर्षी क्लच होता."

सपाताही नव्या घ्यायला झाल्या. सकाळी जिन्यात एक निसटली आणि मी स्वयंपाकघरापर्यंत तसाच आलो. मला पत्ताच नाही, ग्लेंडाने वरून आणून दिली. हल्ली सगळ्याच वस्तू सैल करतात.

२५ मे, रविवार

नवे पॅड घातले तरी फरक शून्य. पाऊस होता म्हणून वर जाऊन खेळण्यावर बसलो. पडद्यावरही स्नेटर्टनच लावलं. आणि काय सांगावं, विल्सनला चाकं थिजली, धूर, गवत! तिथल्या गवतात निदान चिखल नाही.

म्हणजे ब्रायनीचं ब्रेक पेडलही कामातून गेलं. ती घरी आलीच होती, बोलावून दाखवलं. ती बसली आणि चार चकरा सुतासारख्या मारल्या.

"चांगलं आहे की, बाबा."

"तुझ्या वजनाला चालत असेल."

"दोन्ही गाड्यांचे ब्रेक एकाच महिन्यात कसे बिघडतील?"

"दिवसच तसे आलेत. कुठल्याच वस्तूला टिकाव नाही."

तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं. मला चहा हवा होता, मी खाली आलो.

७ जून, शनिवार

दिवस वाया. ऑलिव्हच्या ब्रेकचं मास्टर सिलिंडर बदलायला घेतलं. शर्यत आठवड्यावर आली आहे. पेडलचं अंतर नेमकं लागावं म्हणून शर्यतीचे बूट चढवून आत बसलो, बाहेर आलो, पुन्हा आत. शरीराची घडी घालून आत शिरायचं आणि घडी मोडून बाहेर यायचं, असं दिवसभर. सगळं जागेवर बसलं आणि बघतो तर ब्रेकच्या पायपाला लागणारा तांब्याचा वायसर गायब. दोन होते, एकच उरला. जुन्या मापाचा आहे, आता दुकानात मिळत नाही.

गॅरेज झाडलं. डबे उपडे केले. पिकल दारात शेपूट हलवत बसला होता. या कुत्र्याने यापूर्वी एक नट आणि कार्ब्युरेटरची जाळी गिळली आहे. त्याचा जबडा उघडून आत बॅटरी मारली. मग ब्रायनीवर घसरलो, कारण दुपारी माझा डबा तिनेच हलवला होता.

"बाबा, मी हात लावलेला नाही. आणि कुत्र्याला सोड, त्याला गुदमरायला होतंय."

शेवटी टेरीला फोन. अर्ध्या तासात जुने वायसर भरलेली बरणी घेऊन हजर. आमच्यात हे असंच असतं. ज्याला हरवायचं त्याची गाडी आधी उभी करून द्यायची, नाहीतर हरवलं कुणाला? त्याने वायसर दिला, ग्लेंडाचा निम्मा केक खाल्ला, आणि जाताना पिकलला म्हणाला, "बाहेर पडला की कळव रे बाबा."

१४ जून, शनिवार

शर्यत झाली. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

तपासनिसाने सकाळी पेडलवर उभा भार टाकून बघितलं आणि मान डोलावली. सुरुवात झकास झाली. चौथ्या फेरीला टेरीच्या मागच्या चाकांना चिकटलो होतो. वाटलं, आज होणार. विल्सनला तो आत वळला आणि मी ब्रेक दाबला. पेडलने एक शब्द सांगितला नाही. चाकं थिजली आणि मी सरळ त्याच्यावर गेलो. त्याची गाडी गर्रकन फिरली, एक चाक लोंबू लागलं. स्टिअरिंग झटक्याने फिरलं आणि त्याचा हात त्यात होता.

मनगट मोडलं आहे. उजवं.

दवाखान्याच्या गाडीत बसताना मला म्हणाला, "असं मागून येऊन विचारायचं नसतं लेका, पुढं जाऊ का म्हणून." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बूट काढले तेव्हा उजवा मोजा तळाला लाल झालेला. ब्रेकच्या रबरांना लावायचं लाल ग्रीस, दुसरं काय. सगळ्या गाडीभर झालं आहे ते.

१५ जून, रविवार

ऑलिव्हचं फक्त नाक चेपलं आहे. टेरीच्या गाडीचा चाक धरणारा त्रिकोणी दांडा वाकला, तर माझ्याकडचा जादा दांडा त्याच्या गॅरेजात नेऊन बसवून दिला. त्याची बायको दारात उभी राहिली पण चहा विचारला नाही. टेरी प्लास्टरमधला हात छातीशी धरून स्टुलावर बसला होता. नळ पिळायचा हात तो.

"ब्रेक नव्हतेच टेरी, शपथेवर सांगतो."

"नव्हते?" थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. "डेस, मी आरशात बघत होतो. तुझी चाकं धूर सोडत आली. ब्रेक नसते तर चाकं फिरली असती. इतके ब्रेक होते की चाकं थांबली."

त्याला लागलं आहे, म्हणून वाद न घालता पाने गोळा केले.

घरी ग्लेंडा मोजा घेऊन समोर आली. "हे ग्रीस थंड पाण्यात निघालं."

"मग साबण चांगला असेल."

"साबण लावलाच नाही. ग्रीस थंड पाण्यात निघत नाही, डेस. मोजा काढ, पाय बघू दे."

इथे माणसाचं मनगट मोडलंय आणि हिला धुण्याचं पडलंय! मी गॅरेजात निघून आलो. हल्ली पाय गार पडतात म्हणून झोपतानाही मोजे घालतो, तेवढ्यावरही ही टोकते. दुखत असतं तर मला कळलं नसतं का?

२२ जून

पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल बदलला. परत होता तिथे आणला. पेडलपासून चाकापर्यंत आता एकही भाग जुना नाही. कुठे पाणी मुरतंय ते कळत नाही. रडू येईल असा राग येतो.

ग्लेंडाने न विचारता दवाखान्याची वेळ घेऊन टाकली आहे, ३ जुलैची. भांडलो.

२८ जून, शनिवार

ठरवलं होतं, विकायची. ज्या गाडीवर भरवसा नाही ती माझ्याकडे नको. टेरीला फोन करून तसं सांगितलं, तर म्हणाला, "विक की. पण घेणारा विचारेल काय बिघडलंय, तर काय सांगशील? दुसऱ्याला बसवून बघ आधी." मग ब्रायनी आणि तिच्या पाठीमागे कोंबायला तीन टॉवेल घेऊन आम्ही स्नेटर्टनला गेलो. टेरीही आला, एका हाताने स्टॉपवॉच धरून.

मी तिला दहादा बजावलं. विल्सनला लवकर दाब, हळू दाब, पेडल काही सांगणार नाही. ती गेली. पहिल्या फेऱ्या सावकाश, मग वेग वाढत गेला. विल्सनला पुढचं डावं चाक एकदा किंचित कचरलं आणि लगेच सुटलं. पुन्हा कचरलं, पुन्हा सुटलं. टेरीने घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. मी बघितलं नाही.

हेल्मेट काढल्यावर तिचं तोंड लाल झालं होतं आणि ती हसत होती. "बाबा, ब्रेक काय सुंदर आहेत! सगळं आधी सांगतात!"

मी सगळ्यांसमोर ओरडलो. म्हटलं, तुला गाडी कळत नाही, खेळण्यावर बसून कोणी शिकत नसतं. ती टॉवेलांच्या घड्या घालत राहिली.

घरी आलो ते रागातच. ऑलिव्हबरोबर माझंही सगळं सामान विकायचं म्हणून बॅग अंगणात उपडी केली. हेल्मेट, हातमोजे, सूट. उजवा बूट उलटा धरून झटकला, तर टण्णकन काहीतरी फरशीवर पडलं आणि गोल फिरत पिकलच्या पुढ्यात जाऊन थांबलं.

तांब्याचा वायसर. कडेला काळपट काहीतरी सुकलेलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच डोक्यात आलं. हसणारही होतो. पण ग्लेंडा दारात उभी होती आणि तिने वायसर बघितला, मग बूट, मग माझा पाय.

"बस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. मी पायरीवर बसलो. तिने गुडघे टेकून माझा मोजा काढला, तो सहज निघेना म्हणून पाण्याने भिजवून काढला. तळव्याला चवड्याखाली बरोबर वायसरच्या मापाची जखम होती, आणि ती चांगली दिसत नव्हती.

ती शर्यत मी त्याच्यावर पाय देऊन चालवली होती.

"दुखत नाही?" ब्रायनीने विचारलं. ती विचारायच्या आधी मला पायच आठवला नव्हता.

ग्लेंडाने गाडीची किल्ली घेतली आणि आम्ही तसेच दवाखान्यात गेलो.

२९ जून

ग्लेंडा बोलत नाही. मलमपट्टी करते, बोलत नाही.

३ जुलै, गुरुवार

पायाची नर्स तरुण आहे, पण घाई करत नाही. जखम बघून म्हणाली, आणखी आठवडाभर बुटात राहिली असती तर आपण आज वेगळं काहीतरी बोलत असतो. मग तिने माशाच्या गळाला लावतात तसला एक ताठ दोरा काढला आणि म्हणाली, "डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. बराच वेळ झाला तरी ही सुरू करेना. शेवटी मीच म्हटलं, "करा ना सुरू."

ती म्हणाली, "झालं की, मिस्टर गुडरहॅम. दोन्ही पाय झाले."

डोळे उघडले तर ग्लेंडा खिडकीबाहेर बघत होती.

पॅड बदलले, तेल, सिलिंडर, सगळं बदललं. पेडलपासून चाकापर्यंत. पेडलच्या अलीकडे काय आहे ते बघायचं सुचलं नाही. कारखान्यातल्या पोरांना काय तोंडाने शिकवत होतो कोण जाणे.

परतताना ग्लेंडाला टेरीच्या घरी थांबायला सांगितलं. त्याला दारातच सगळं सांगितलं, माफ कर म्हणालो. त्याने प्लास्टर खाजवलं. मग म्हणाला, "माझा वायसर परत दे मग."

त्याच्या बायकोने आज चहा केला.

३ ऑगस्ट, रविवार

पाय अजून टेकायचा नाही. खुर्चीत बसून हुकूम सोडतो.

ऑलिव्ह विकायची गोष्ट ग्लेंडाने एका वाक्यात संपवली. "तुला चालवता येत नाही म्हणून तिने घरातून जायचं? मग उद्या मलाही विकशील."

आज माझी सीट काढली. जागोजागी टेप लावलेली, घामाने पिवळी पडलेली. तिच्या जागी कचऱ्याची पिशवी ठेवून फोम ओतला आणि ब्रायनीला वर बसवलं. फोम फुगायला लागला तशी ती किंचाळली, "बाबा, गरम आहे!"

"हलू नकोस."

"नाक खाजतंय!"

"खाजू दे. हललीस तर मोसमभर तशीच वाकडी बसशील."

बसली बिचारी. मी गाडीशेजारी खुर्ची लावून तिला विल्सन सांगत राहिलो. कुठे दाबायचं, केसभर कुठे उचलायचं. सांगता सांगता लक्षात आलं की हे शेवटचं पायाला केव्हा कळलं होतं तेच आठवत नाही. पलीकडे बघून चष्मा पुसला. तिने बघितलं असावं. तिला हलता येत नव्हतं ते बरं.

जुनी सीट कचऱ्यात टाकू दिली नाही तिने. वर नेऊन खेळण्यात बसवली आणि पेडलऐवजी हाताने ओढायचा एक दांडा जोडला, ब्रेकचा. संध्याकाळी मला जवळजवळ उचलूनच त्यात ठेवलं. पाठ बरोबर बसली.

पहिल्याच फेरीत विल्सनला चाकं थिजली. गवतात गेलो. पण थिजायच्या आधी दांडा बोटांत थरथरला होता. मी शिव्या घातल्या आणि पुन्हा सुरू केलं.

२१ सप्टेंबर, रविवार

शेवटची शर्यत. टेरीचं प्लास्टर निघालं आहे, मनगट अजून बारीक दिसतं. सकाळी ब्रायनीचा गिअरचा दांडा सैल लागत होता, तर स्वतःची गाडी सोडून त्यानेच एका हाताने आवळून दिला.

मी काठी घेऊन विल्सनच्या जाळीपाशी उभा राहिलो. दर फेरीला दोघं चिकटून आली. शेवटच्या फेरीला तिने आतून नाक घातलं. मी जाळी घट्ट धरली. तिचं डावं चाक कचरलं आणि सुटलं. अर्ध्या गाडीने टेरीच पुढे राहिला.

मागे आलो तर टेरी हेल्मेटावर बसून धापा टाकत होता. "घरात अजून किती गुडरहॅम आहेत? एकदाच सांगून टाक, मी म्हातारा झालो."

ब्रायनी हातमोजे आपटतच आली. घामाघूम, आणि चेहरा असा की मला माझाच वाटला.

"ब्रेकांनी घात केला, बाबा! शेवटच्या फेरीला पेडल मेलं एकदम!"

ग्लेंडाने माझ्याकडे बघितलं. टेरीने सॉसेज चावायचं थांबवलं.

मी म्हटलं, "आधी बूट काढ."

तिने खरंच दोन्ही काढले आणि उलटे करून झटकले. काही नव्हतं. म्हणजे ब्रेक बघायला हवेत. उद्या हवा काढू. दाबायला ग्लेंडा आहे, तिला पेडल कळतं.